आमचा रविवार : सिनेमा, शिदोरी आणि सोनेरी महाल



मागच्या लेखावर दोघी-तिघींनी विचारलं, 'ताई, तुम्ही नेहमी लोणची-पापड आणि व्रत-नियम यावरच लिहिता, कधी फिरायला जात नाही का?' जातो की. फार नाही, पण जातो. आज एका रविवारची गोष्ट सांगते. ती सांगताना जुना इतिहास मध्ये मध्ये येईल, कारण त्या दिवसानंतर मी रविवार, सिनेमा आणि म्युझियम या तिन्हींच्या मागे लागून बरंच वाचून काढलं. बी.कॉम. झालेल्या बाईला हिशेब लागल्याशिवाय चैन पडत नाही.

तारीख ९ जुलै २०२३. ही तारीख लक्षात राहायला कारण आहे. त्या वेळी आमचं गाव सांगितलं की समोरचा 'कुठं आलं हे?' असं विचारायचा. मग अंबड तालुका, वडीगोद्रीजवळ, शहागडच्या अलीकडे, असं सगळं पत्त्यासारखं सांगावं लागायचं. पुढे २९ ऑगस्टला गावात मराठा आरक्षणाचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला अंतरवाली सराटी पाठ झाली. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्याच्या आधीच्या, कुणाला माहीत नसलेल्या गावातल्या नऊ बायकांबद्दल लिहिते आहे.

'बाईपण भारी देवा' हा सिनेमा ३० जूनला लागला होता. सहा बहिणी, मंगळागौर आणि प्रत्येकीच्या घरातलं दुखणं. जिकडे तिकडे बायका घोळक्याने जात होत्या, फोटो येत होते. आमच्या सूनबाईंनी ठरवलं की आपणही जायचं. पहिला रविवार २ जुलैचा, पण त्या दिवशी आषाढी चौदस, चातुर्मासाची सुरुवात. ते शक्यच नव्हतं. म्हणून पुढचा रविवार.

आता हा 'रविवार' शब्द आमच्या घरात तसा नवाच. दुकानदाराच्या घरात आठवडा रविवारी संपत नाही, बाजाराच्या वारी संपतो. मामंजी होते तोवर सांगायचे की त्यांच्या लहानपणी निजामाच्या राज्यात शाळा-कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी असायची. पाटी उर्दू, मास्तर उर्दू, सुट्टी जुम्म्याची. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा राज्याबरोबर सुट्टीचा वारही बदलला. ते हसून म्हणायचे, 'आम्हाला स्वातंत्र्य मिळालं म्हणजे शुक्रवारचा रविवार झाला.' मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना हे कदाचित ठाऊक नसेल. तुमच्याकडे रविवार आमच्यापेक्षा पुष्कळ आधी आला.

आणि तो आपोआप आला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी जेवायला अर्धा तास. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. वाचताना मी दोनदा थांबले. जेवायला अर्धा तास मागावा लागला!

मालक सहजी ऐकणारे नव्हते. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे, गिरणीत राबणाऱ्या बायका! अखेर १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षी कायद्यातही आठवड्याच्या सुट्टीची तरतूद झाली. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी तो मागितला असं सांगतात. आमच्या अंबडलाही अहिल्याबाईंच्या काळचं खंडोबाचं देऊळ आहे, त्यामुळे हे मला लगेच पटलं. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. २००५ साली सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

तर गिरणीला सुट्टी मिळाली. चुलीला कुणी दिली नाही. त्या रविवारीही मी पहाटे चारला उठले.

नऊ बायका, दोन मुलं आणि दिवसभराची शिदोरी. चातुर्मास असल्यामुळे पालेभाजी नाही, कंदमूळ तर एरवीही नाही. बाहेर काय मिळेल याचा भरवसा नसतो. दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या, लसूण न घालता शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, तिखटमिठाच्या पुऱ्या, मुगाची कोरडी उसळ, आणि पाणी उकळून गाळून दोन कॅन. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, 'सिनेमाला चाललोय का शिखरजीला?' घरातल्या पुरुषांसाठी वेगळा स्वयंपाक झाकून ठेवला. मगच साडी बदलली.

सासूबाई येणार हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना सिनेमाचा आजन्म त्याग आहे. म्हणजे नियम घेतलेला, माताजींच्या समोर. घरात टी.व्ही. आला तेव्हासुद्धा पिक्चर लागला की त्या उठून आत जायच्या. त्या दिवशी मात्र चप्पल घालून क्रूझरमध्ये येऊन बसल्या. 'मला कचनेरचं दर्शन घडवा. तुम्ही तुमचं ते बघा, मी बाहेर बसते.'

थोडी वाट वाकडी पडली, पण कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथाचं दर्शन झालं. तिथून संभाजीनगर. आम्ही जुनी माणसं, तोंडातून अजून औरंगाबादच निघतं.

थिएटरच्या दारात पहिली गंमत झाली. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. पिशव्या तपासणारी मुलगी बिचारी नम्र होती, पण डबे बाहेर. सूनबाई वाद घालायला लागल्या. मी त्यांना गप्प केलं, कारण मी पेपरात वाचलं होतं : त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की बाहेरचं खाणं बंद ठेवण्याचा हक्क थिएटरवाल्याला आहे, मात्र प्यायचं पाणी त्याने फुकट द्यायला हवं. आत मक्याच्या लाह्यांचा भाव पाहिला. तिकिटापेक्षा लाह्या महाग! आमच्याकडे नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरोघर फुटतात, त्याचा कुणी कधी हिशेब केला नसेल. असो. डबे क्रूझरमध्ये ठेवले.

मग प्रश्न आला सासूबाईंजवळ कोण थांबणार. एकटं कसं ठेवायचं? मोठ्या जाऊबाईंनी तोडगा काढला. मध्यंतरापर्यंत त्या आत, मी बाहेर. मध्यंतरानंतर उलट. खरं सांगते, मला राग आला होता. वरवर 'हो' म्हटलं, पण आतून चरफडत होते. त्याला जुनं कारण होतं.

माझं माहेर शहरातलं. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आम्ही जैन, पण आळीतल्या सगळ्या बायका चालल्या म्हणून आईही गेली, मला घेऊन. बायका थिएटरच्या दारात चपला काढत होत्या. पडद्यावर देवी आली की नाणी फेकत होत्या, हात जोडत होत्या. मला भारी वाटलं होतं. कॉलेजात असताना महिन्याला एक पिक्चर ठरलेला. १९८३ ला लग्न होऊन अंतरवालीला आले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की या घरात सिनेमाचं नाव काढायचं नाही, सासूबाईंचा त्याग आहे. मला कुणी नियम दिला नव्हता, पण ज्या घरात थोरलीने सोडलंय तिथे धाकटीने 'मला जायचंय' म्हणायचं कसं? अकरा वर्षं मी थिएटरचं तोंड पाहिलं नाही. पुढे सवय झाली. पण मनात एक गाठ होती ती होतीच, की यांच्या धर्माचा भार माझ्या डोक्यावर का?

तर आम्ही दोघी बाहेरच्या गुबगुबीत सोफ्यावर बसलो. समोरून बायकांचे जथे चालले होते. नऊवारी, नथ आणि डोळ्यांवर काळे गॉगल. कुणी फुगडी घालत होत्या, कुणी फोटो काढत होत्या. सासूबाईंच्या हातात जपमाळ होती, पण बोट एकाच मण्यावर थांबलं होतं. त्या बघत होत्या.

मी विचारलं, 'आत्याबाई, तुम्ही हा नियम घेतला तरी कधी?'

'लग्नाला दोन वर्षं झाली होती. तुझे मामंजी आणि त्यांचे भाऊ अंबडला मत्स्योदरीच्या यात्रेला जायचे. तिथं तंबू लागायचा सिनेमाचा.'

तंबूतला सिनेमा आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिला असेल. ट्रकवर मशीन, डिझेलचं जनरेटर, मध्ये कापडाचा पडदा. काही ठिकाणी एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पेठेतल्या कायमच्या थिएटरपेक्षा खेड्यापाड्यांत सिनेमा पोचवला तो या टुरिंग टॉकीजने, एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत.

'त्यांची शिदोरी मी करायची,' सासूबाई सांगत होत्या. 'बैलगाडी जुंपली की डबे देऊन यायचं. पहाटं परत यायचे. मग चार दिवस त्याच गोष्टी. अमका असा पडला, तमकी अशी रडली. ऐकून ऐकून मला सगळं पाठ व्हायचं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, मलाबी न्या. तर आजेसासरे म्हणाले, आपल्या घरच्या बायका तंबूत जात न्हाईत.'

'मग?'

'मग काय. त्या चौमासात माताजी आल्या होत्या. बायका नियम घेत होत्या. कुणी हिरवं सोडलं, कुणी गोड. मी उभी राहिले न् म्हटलं, मला सिनेमाचा त्याग द्या, जन्माचा. सगळ्यांनी लई कौतुक केलं. अठरा वर्षांची पोर न् एवढा मोठा त्याग.' त्या थोडं थांबल्या. 'मिळणार न्हवतंच गं. मग म्हटलं, न्हाई म्हणायचंच हाय तर आपुनच म्हणावं.'

चाळीस वर्षं मी या बाईच्या हाताखाली काढली आणि मला हे माहीत नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं सुचलंही नाही. त्यांनी माळ पुढे ओढायला सुरुवात केली.

मध्यंतराला जाऊबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि मी आत गेले. अर्धा सिनेमा पाहिला. कोण कुणावर का रागावलंय ते शेजारच्या अनोळखी बाईने भराभर सांगितलं. थिएटरमध्ये बायका रडत होत्या, शिट्ट्या वाजवत होत्या, शेवटी उठून नाचल्या. मी नाचले नाही. पण टाळ्या पुष्कळ वाजवल्या.

घरी आल्यावर मी आपल्या सिनेमाची सुरुवात वाचायला घेतली, आणि तिथेही मला एक स्वयंपाकघर सापडलं. दादासाहेब फाळके, जन्म १८७० त्र्यंबकेश्वर. गिरगावात १९११ च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना वाटलं आपल्या रामकृष्णांचा असा पट का होऊ नये. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला जास्त आवडलं ते हे, की दुसऱ्यांदा पाहायला जाताना त्यांनी पत्नीला, सरस्वतीबाईंना, बरोबर नेलं. आमच्या मामंजींना हे तेवढं सुचलं असतं तर!

पुढे फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. रात्रीच्या अंधारात ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडायचं कामही त्यांनी केलं. आणि हे सगळं करून साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक.

सिनेमात काम करायला बायका मिळेनात. नाच-गाण्याच्या पेशातल्या बायकांनीसुद्धा नकार दिला. सरस्वतीबाईंना विचारलं, तर त्यांनीही ते केलं नाही. मी काम करायला उभी राहिले तर बाकीचं सगळं कोण करणार, हा त्यांचा सवाल होता म्हणतात. कुणाही गृहिणीला तो लगेच कळेल. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत फाळक्यांना अण्णा साळुंके भेटले. स्वयंपाकी होते, महिना दहा रुपये पगार. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि साळुंके 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती झाले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. तेच साळुंके १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये रामही झाले आणि सीताही! बायका पडद्यावर आल्या त्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, १९१३ सालीच. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई.

आता माझ्यातली बी.कॉम. जागी होते. 'राजा हरिश्चंद्र'ची खतावणी मांडा. विमा-कर्ज देण्यांत धरलं जाईल. कॅमेरा मालमत्तेत जाईल. साळुंक्यांचे पंधरा रुपये पगारखर्चात. दागिने गहाण ठेवून आलेली रक्कमसुद्धा कुठेतरी लिहिली जाईल. पण साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री पाडलेली हजारो भोकं कोणत्या खात्यात घालणार? खानावळीतल्या साळुंक्यांनी भात शिजवला तर दहा रुपये. सरस्वतीबाईंनी शिजवला तर काही नाही.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाचं उदाहरण दिलं होतं. एखाद्या माणसाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न कमी होतं, कारण काम तेच पण पगार बंद. सगळा वर्ग हसला होता. पहिल्या बाकावर बसून मीही हसले होते. वीस वर्षांची होते तेव्हा.

तर सिनेमा सुटल्यावर आम्ही एका झाडाखाली डबे उघडले. तीन वाजून गेले होते, सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. दशम्या दहा मिनिटांत संपल्या. शेजारच्या गाडीतल्या परभणीच्या बायकांनी चटणी मागून घेतली आणि लसूण नाही म्हटल्यावर त्यांना विश्वासच बसेना. खाताखाता ठरलं की आता सोनेरी महाल बघायचा, सूर्य आहे तोवर.

सोनेरी महाल विद्यापीठाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आहे. सतराव्या शतकात मुघलांबरोबर दक्षिणेत आलेल्या बुंदेलखंडच्या सरदाराने, पहाडसिंगाने, तो बांधला. आतल्या भिंतींवर सोन्याचं पाणी दिलेली चित्रं होती म्हणून 'सोनेरी'. आता तिथे सरकारचं वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या भागात ही जुनी ठेव जपायला सुरुवात तशी लवकर झाली. हैदराबाद संस्थानाने १९१४ सालीच पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक. अजिंठा-वेरूळची देखभाल त्या खात्याने केली. आपल्या वेरूळच्या जैन लेण्याही त्यातच आल्या.

म्युझियम म्हटलं की मला मुंबईचं आठवतं. एकदा लग्नाला गेलो होतो तेव्हा आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलं. तिथे बाहुबलींची एक काशाची मूर्ती आहे, कर्नाटकातली, हजार वर्षांहून जुनी. अंगावर वेली चढलेल्या. माझा हात आपोआप चपलेकडे गेला. चप्पल काढून, हात जोडून उभी राहिले. मागून येणारं एक शहरी जोडपं माझ्याकडे बघून गालात हसलं. हसू देत. संतोषी माँच्या पडद्यापुढे बायकांनी चपला काढल्याच होत्या की.

त्याहीआधीचं मुंबईचं म्युझियम भायखळ्याचं, राणीच्या बागेशेजारचं. १८७२ साली खुलं झालं. ते उभं राहावं म्हणून खटपट केलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला १९७५ साली दिलं. भायखळा म्हणजे गिरण्यांच्या शेजारचंच. लोखंड्यांनी रविवार मिळवून दिल्यावर गिरणगावातली माणसं बायकापोरांना घेऊन राणीच्या बागेत जायची. सिनेमा यायच्या आधीचा तो गरिबाचा रविवार होता. घरून आणलेली भाकरी खायची, जनावरं बघायची, जमलं तर म्युझियमचं दार ओलांडायचं. आम्ही नऊजणी त्याच रांगेतल्या, फक्त सव्वाशे-दीडशे वर्षं मागून आलेल्या.

सोनेरी महालात सासूबाईंना पायऱ्या जड गेल्या. वरच्या मजल्यावर त्या आल्या नाहीत, खालीच एकेक वस्तू बघत राहिल्या. तलवारी, चित्रं यांच्यापुढे थांबल्या नाहीत. जुन्या मातीच्या भांड्यांपाशी मात्र बराच वेळ उभ्या होत्या. काचेवर नाक टेकवून बघत होत्या. 'याचा काठ बघ. असा काठ आता कुणाला येत न्हाई. माझ्या आईकडं होतं असलं येळणी-गाडगं.' रखवालदार म्हणाला, 'आजी, काचेला हात लावू नका.' त्यांनी हात काढला, पण हलल्या नाहीत.

मग मला म्हणाल्या, 'तुला वाचता येतं ना, बघ बरं, कुणाचं हाय ते लिहिलंय का?'

चिठ्ठीवर 'मातीचे भांडे' आणि काळ होता. मी वाचून दाखवलं.

'ते तर मलाबी दिसतंय,' त्या म्हणाल्या. 'कुणाच्या घरचं ते विचारते मी.'

रखवालदारही हसला. त्या मात्र खरंच विचारत होत्या.

शेवटी गुलमंडीवर जाऊन इमरती घेतली. औरंगाबादला जाऊन इमरती न खाता परत येणं आमच्या घरात पापच समजतात. सात वाजायला आले होते. जुलैत सूर्य सातच्या पुढे मावळतो, म्हणून घाईघाईत रस्त्याकडेला उभं राहूनच खाल्ली. सासूबाईंनी अर्धी घेतली, पाणी पिऊन हात जोडले आणि चौविहार केला. आमचाही झाला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज घरी जाऊन रात्रीचा स्वयंपाक करायचा नाही! एरवी सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं जेवण उरकताना जीव मेटाकुटीला येतो. त्या दिवशी तोच नियम माझ्या बाजूने उभा राहिला. घरातल्या पुरुषांनी सकाळचं झाकलेलं वेळेत खाल्लं असेल तर ठीक, नाही तर त्यांचाही उपास घडेल. धाकट्या दिरांचा घडला, हे नंतर कळलं.

आडूळ मागे पडलं, पाचोड येत होतं. बाहेर पूर्ण अंधार. मुलं झोपली होती, सूनबाई मोबाईलवर फोटो पाठवत होत्या. सासूबाई झोपल्या असतील असं वाटलं, तर पुढच्या सीटवरून आवाज आला.

'काय होतं गं त्या सिनेमात?'

गाडीत एकदम शांत झालं. सूनबाई हळूच म्हणाल्या, 'आजी, तुमचा त्याग आहे ना?'

'बघायचा हाय. ऐकायचा कुठं घेतलाय?' त्या वळून बसल्या. 'पयला अर्धा थोरलीनं बघितलाय, तिनं सांगायचा. मागचा हिनं. न् मधलं काही गाळू नका, मी पैशे दिल्यासारखं ऐकणार हाय.'

जाऊबाईंनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, 'सहा बहिणी असतात...'

वडीगोद्रीच्या फाट्याला त्यांचा मध्यंतर झाला. तिथून पुढचं मी सांगितलं. ड्रायव्हरने गाडी जरा हळूच घेतली असावी, कारण गाव यायच्या आत शेवट झाला.